आधी कडा मोज

तुला सोडतीत माउंटन गोटचा परवाना लागल्यापासून तुझे सगळे प्रश्न एकाच जातीचे येताहेत. मामा, किती यार्डांवरून मारायचा? तीनशे चालतील? चारशे? अमक्याने सातशेवरून मारला तो व्हिडिओ पाहिलास का? पाहिला. त्यात गोळी लागेपर्यंतचं सगळं दाखवलंय, पुढचं कापलंय. मला पुढचंच सांगायचंय.

तुझ्यापासून बोकड किती लांब आहे ते नंतर मोज. आधी बोकडापासून कडा किती लांब आहे ते बघ.

हे मला मी इथे नवा असताना एका म्हाताऱ्या गाइडने सांगितलं. त्याची जन्मभराची शिकार ब्रिटिश कोलंबियातल्या या स्कीनाच्या डोंगरांतच झाली होती. त्याचं म्हणणं असं, की माउंटन गोटला गोळी मारणं अवघड नाही, तो जिथे उभा आहे तिथेच त्याला पाडणं अवघड आहे. हा प्राणी म्हणजे खरी शेळी नव्हे. गोरल, सेराव हे हिमालयातले कडेकपारीवाले त्याचे नातलग. भ्याला की हरणं जंगलात शिरतात, हा कड्यावर जातो, कारण लांडगा आणि अस्वल तिथे येऊ शकत नाहीत हे त्याला ठाऊक असतं. गोळी बसल्यावरही तो हेच करतो. फुफ्फुसात गोळी घेऊन काहीच झालं नाही अशा थाटात पाच-सात पावलं चालतो, आणि ती पावलं नेमकी कड्याकडे जातात.

दोनशे-अडीचशे फूट कोसळलेला बोकड मी पाहिलाय. एक शिंग मुळापासून गेलेलं, मागच्या मांड्यांच्या मांसात हाडांचा चुरा, पोट फुटलेलं. ते मांस कोण खाणार? आणि ब्रिटिश कोलंबियात खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून येणं हा गुन्हा आहे. त्याहून वाईट म्हणजे तो अधल्यामधल्या कपारीत अडकतो. दुर्बिणीतून दिसतो, पण दोराशिवाय तिथे पोचता येत नाही. अशा वेळी नको ते धाडस करून माणसं मरतात.

म्हणून तो दिसला की रायफलला हात लावू नकोस. स्पॉटिंग स्कोप लाव आणि बोकडाकडे नाही, त्याच्या पायाखाली बघ. खाली गवताची उतरण आहे का? बारीक दगडांचा घसारा आहे का? घसाऱ्यावर तो तीसेक मीटर घरंगळेल आणि थांबेल, ते चालतं. खाली कातळ तुटलेला असेल तर तो शंभर यार्डांवर आडवा उभा असला तरी बोट चापाच्या बाहेर. सपाटीवर असला, पण काठ चार उड्यांवर असला, तर तो काठावरच उभा आहे असं धर. मग तिथवर जायची वाट शोध, आणि तीही स्कोपमधून, इथे बसल्या बसल्या. वाट दिसली नाही तर आजची शिकार संपली, थर्मास उघड.

वाट पाहणं हा यातला मोठा भाग आहे, आणि तू त्यात कच्ची आहेस हे तुझ्या आईलाही माहीत आहे. सकाळचं चरून झालं की बोकड एखाद्या कपारीत बसतो आणि दुपारभर हलत नाही. बसलेल्यावर गोळी घालू नकोस. बसायला त्याने जी जागा निवडलेली असते ती बहुतेक वेळा खाली पोकळी असलेलीच असते. तिसऱ्या प्रहरी तो उठतो. आधी पुढचे गुडघे, मग मागचं अंग, मग एकदा ताणून आळस, अंग झाडणं, आणि कपारीतून चरायच्या उतरणीकडे सावकाश चाल. ती उतरण कुठली हे सकाळीच बघून ठेवलंस तर तो तुझ्या सोयीच्या जागी आपल्या पायांनी येतो.

नर-मादीचं थोडक्यात, कारण ते तू अभ्यासात वाचलंयस. शिंगं दोघांनाही असतात, तिथेच फसगत होते. नराचं शिंग बुडाशी जाड आणि मुळापासून टोकापर्यंत एकसारखं वळलेलं. मादीचं बारीक, बरंच सरळ जाऊन टोकाशी एकदम मुडपलेलं, आणि दोन शिंगांमधली जागा रुंद. नराच्या शिंगांमागे काळ्या ग्रंथी असतात. तरी शंका असेल तर तो मुतेपर्यंत थांब. नर अंग पुढे ताणून उभ्याने मुततो, मादी मागून बसते. हसू नकोस, अनुभवी माणसंसुद्धा याच खुणेवर शेवटचा निर्णय घेतात. मादी चार-पाच वर्षांची झाल्यावर कुठे पहिल्यांदा विते, आणि तेही बहुधा एकच पिल्लू. चुकीची गोळी त्या कळपाला पुढची कितीएक वर्षं पुरते. जगातले निम्म्याहून अधिक माउंटन गोट आपल्या याच प्रांतात आहेत, म्हणून ते उदंड आहेत असं समजू नकोस.

आता तुझे यार्ड.

तुझं अंतर किती हे मी सांगू शकत नाही, रायफलही सांगत नाही. कागदी ताट सांगतं. आठ इंची साधं पांढरं ताट घे, त्याच्या मागे बोकडाचं काळीज आणि फुफ्फुसं आहेत असं समज. रेंजवर बाकावर बसून नाही, तर जमिनीवर, पाठपिशवीवर रायफल टेकून, आणि आधी पार्किंगपर्यंत दोनदा धावून ये. धाप लागलेली असताना पाच गोळ्या. पाचही ताटात, तर ते तुझं अंतर. एक बाहेर गेली तर पन्नास यार्ड पुढे सरक आणि पुन्हा. चार आत गेल्या म्हणजे जमलं असं नाही, बाहेर गेलेली पाचवी डोंगरात पोटात लागते. बहुतेक नव्या माणसांचं अंतर असं मोजलं की दोनशेच्या आसपास येतं, चांगल्या सरावानंतर तीनशे. मी स्वतः तीनशेच्या पुढे जात नाही. जाऊ शकत नाही असं नव्हे. तीनशेपर्यंत जवळ जाता येत नसेल तर त्या जागेवरून तो पडल्यावरही मला तिथे जाता येणार नाही, असा माझा हिशेब आहे.

आकडे पाठ असू देत. तुझी थर्टी-ऑट-सिक्स रायफल, १८० ग्रेनची गोळी, दोनशे यार्डांवर झीरो केलेली, म्हणजे तिथे नेमावरच लागणारी. तीनशेवर ती साधारण आठ इंच खाली येते, म्हणजे एक अख्खं ताट. चारशेवर सुमारे दोन फूट. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तीनशेवर तिला सहा-सात इंच बाजूला ढकलतो. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दहा मैलांचा वारा लागला तर आपण त्याला वारा म्हणणारही नाही. आणि डोंगरात वारा एक नसतो. तुझ्या गालाला डावीकडून लागतोय आणि मधल्या घळीत तोच वर उसळतोय, असं सर्रास होतं. गालावर विसंबू नकोस. घळीतलं धुकं कुठे सरकतंय, पलीकडचं गवत कुठे झुकतंय, बोकडाच्या दाढीचे केस कुठे उडताहेत, हे स्कोपमधून बघ. तिन्ही वेगवेगळं सांगत असतील तर जवळ जा.

उताराचा हिशेब बहुतेकांचा चुकतो, म्हणून सावकाश सांगतो. गुरुत्वाकर्षण गोळीला खाली ओढतं ते तुझ्यात आणि त्याच्यात जेवढं आडवं अंतर आहे त्याच्या हिशेबाने, तिरप्या रेषेच्या हिशेबाने नाही. तो तीनशे यार्डांवर आहे पण ४५ अंश खाली, तर गोळीच्या दृष्टीने तो २१२ यार्डांवरच आहे. ३० अंश असेल तर २६०. तू तीनशे समजून आठ इंच वर धरलंस, की ४५ अंशांत गोळी त्याच्या पाठीवरून जाईल नाहीतर मणक्याच्या वरच्या केसांत. वर मारताना उलटं होतं असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. वर मार की खाली मार, दोन्हीकडे गोळी अपेक्षेपेक्षा वरच लागते. आताचे रेंजफाइंडर कोन धरून अंतर देतात. ते घे, पण त्यातला कोनाचा आकडा चालू आहे ना हे घरीच तपास, आणि यार्ड-मीटरची कळ कशावर आहे तेही. धुक्यात त्याची किरणं समोरच्या थेंबांवरूनच परततात. म्हणून उघडीप असतानाच बोकडाच्या वाटेवरच्या दोन-तीन ओळखीच्या दगडांची अंतरं मोजून हातावर लिहून ठेव.

कुठून जायचं? शक्यतो वरून. त्याच्या अनुभवात संकट खालून येतं, त्यामुळे तो खाली बघत बसतो. सकाळी गार हवा उतरते, ऊन तापलं की हवा चढायला लागते. तू वर असलीस तर उन्हं आल्यावर तुझा वास त्याच्याकडे जात नाही. सकाळी लवकर मात्र हेच उलटं, तेव्हा घाई नको.

आता बैठक. तू एनसीसीत .२२ पोटावर झोपून मारलेली आहेस, त्याचा फायदा आहे आणि तोटाही. कोपर, खांदा, श्वास हे सगळं तेच. पण तिथे जमीन सपाट होती, वाळूची पिशवी होती आणि टार्गेट नाकासमोर होतं. इथे जमीनच तिरकी.

पोटावर झोपून मारायला मिळालं तर दुसऱ्या कशाचाही विचार नको. पाठपिशवी आडवी ठेव, वरून जॅकेट. रायफलचा पुढचा लाकडी भाग त्यावर टेकव, नळी नाही. नळी टेकली की गोळी सुटताना ती उसळते आणि झीरो बदलतो. दगडावर तर काहीच थेट टेकवू नकोस. मागे दस्त्याखाली एक जाडा लोकरी मोजा, दुसरा मोजा कोंबून गच्च भरलेला. डाव्या मुठीने तो दाबला की स्कोपमधली फुली खाली, सैल सोडला की वर. हाताच्या ताकदीवर नेम धरायचा नाही, मोज्यावर धरायचा.

मग ही खूण कर. नेम धर, डोळे मीट, दोन श्वास घे, डोळे उघड. फुली बोकडावरच असेल तर तुझं अंग बरोबर लागलंय. सरकली असेल तर हाताने ओढून आणू नकोस, पोट आणि पाय सरकव. हाताने ओढलेली फुली चाप ओढताक्षणी परत जाते.

आणि नळीसमोर बघ. स्कोप नळीच्या दीड-दोन इंच वर असतो. स्कोपमधून बोकड लख्ख दिसतो आणि नळीच्या तोंडासमोर मात्र तुझ्याच काठाचा दगड असतो. मी काठावर झोपलेल्या एकाची गोळी हातभर अंतरावरच्या कातळाला लागलेली पाहिलीय. दगडाचे कपचे तोंडावर आले, बोकड गेला तो गेलाच. डोकं बाजूला काढ, नळीच्या कडेने नजर टाक. सोबत कुणी असेल तर त्याला मागे बाजूला बसून बघायला सांग.

खूप खाली मारायचं असेल तर पोटावर झोपणं जमत नाही. डोकं पायांपेक्षा खाली जातं, रक्त उतरतं, अंग पुढे घसरतं. काठापासून जरा मागे सरक आणि बस. गुडघे वर, टाचा रोवलेल्या, कोपर गुडघ्याच्या वाटीवर नाही तर वाटीच्या आतल्या मांसल भागावर. हाड हाडावर ठेवलं की डुगडुगतं. पाठीला दगड मिळाला तर उत्तम, मांडीवर पाठपिशवी उभी केलीस तर आणखी उत्तम. वर मारायचं असेल तेव्हा पोटावर झोपून मान मागे मोडते, डोळा स्कोपच्या फार जवळ जातो, आणि धक्क्याने स्कोपची कड भुवई फाडते. इथल्या कितीतरी जुन्या शिकाऱ्यांच्या भुवईवर ती अर्धचंद्राची खूण आहे, विचारलं की विषय बदलतात. तेव्हाही बसूनच, पाठ उतरणीला टेकवून. चालायच्या दोन काठ्या पट्ट्याने एकत्र बांधल्या की गुडघ्यावर बसून मारायला आधार होतो, पण मी तो दीडशेपर्यंतच धरतो. उभ्याने, बिनआधाराने, कधीच नाही. तेवढा जवळ आला असेल तर त्याला जाऊ दे किंवा तू खाली बस.

चढून आल्या आल्या मारू नकोस. छाती धपापत असते, प्रत्येक ठोक्याला फुली उडते. पाणी पी, टोपी नीट कर, काहीही कर, पण पाच मिनिटं जाऊ दे. स्कोपची ताकद कमी ठेव, सहा-आठपट पुरे. चौदापटीत तुझा थरकापही चौदापट दिसतो, आणि धक्क्यानंतर बोकड सापडत नाही. सगळीकडे नुसता पांढरा कातळ. श्वास अर्धा सोड, थांब, चाप असा दाब की कधी सुटली ते तुलाच कळू नये.

गोळी कुठे? हरणाला आपण खांद्यामागे मारतो, फुफ्फुसात. मांस वाचतं, हरीण साठ-सत्तर पावलं पळून पडतं. इथे साठ पावलं परवडत नाहीत. म्हणून आडवा उभा असताना पुढच्या पायाच्या रेषेत, खांद्याच्या मध्यावर, दोन्ही खांदे मोडतील अशी. तिथलं थोडं मांस जातं, जाऊ दे. आणि पाठीवरचा उंचवटा बघून फसू नकोस. तो मणक्याच्या उभ्या हाडांचा आणि लांब केसांचा असतो. काळीज, फुफ्फुसं त्याच्या बरीच खाली. वरून मारत असलीस तर गोळी आत कुठून जाते यापेक्षा बाहेर कुठून पडेल ते डोळ्यांसमोर आण, ती रेघ छातीच्या मध्यातून गेली पाहिजे. म्हणजे वरून मारताना प्रवेश थोडा वर, खालून मारताना थोडा खाली. गोळी मजबूत घे, तांब्याची असली तर फारच छान. ती हाडावर फुटत नाही, आणि मागे राहिलेल्या आतड्यांतून गरुडांच्या पोटात शिसं जात नाही.

गोळी सुटली की डोकं वर काढून बघत बसू नकोस. गाल दस्त्यावरच, बोल्ट मागे-पुढे, दुसरी तयार. तो उभा आहे तोवर पुन्हा मार. बोकड लागल्याची खूण देत नाही, म्हणून ‘लागली वाटतं’ हा शब्दच नको. पडला आणि मान आडवी झाली तरी पाच मिनिटं नेम त्याच्यावर.

मग तिथून उठण्याआधी त्या जागेचा फोटो काढ. घळ ओलांडून पलीकडे गेलीस की तोच डोंगर ओळखू येत नाही, प्रत्येक कातळ सारखा. दोघे असाल तर एकाने इथेच बसून हाताने खुणा करायच्या: डावीकडे, वर, थांब. जायच्या आधी रायफलची नळी रिकामी, काडतुसं फक्त मॅगझिनमध्ये. हात लावून चढायच्या जागी ती पाठीवर. नळीच्या तोंडाला वीजवाल्यांची काळी टेप एक पट्टी लाव, बर्फ-चिखल आत जात नाही, आणि टेपसकट गोळी मारली तरी नेमाला काही होत नाही. रायफल कातळावर जोरात आपटली असेल तर त्या दिवशी शिकार बंद. तळावर येऊन झीरो तपास, मग उद्या.

वेळेचं राहिलंच. कायदा सूर्यास्तानंतर तासभर देतो. तो सपाटीवरच्या मूझसाठी ठीक आहे. सप्टेंबरात दुपारी तीननंतर मी डोंगरावर गोळी मारत नाही; तोवर बोकड उठला नाही तर उद्या. कातडं काढणं, मांस हाडावेगळं करणं यात दोघांचे सहज तीन तास जातात, आणि ग्रिझलीला रक्ताचा वास लागायला त्याहून कमी वेळ लागतो. अंधारात डोक्यावरच्या दिव्याने घसारा उतरायचा, पाठीवर ओझं, गुडघे बोलायला लागलेले, हे एकदा केलेली माणसं दुसऱ्यांदा करत नाहीत. काम करताना दर थोड्या वेळाने मान वर करून सभोवार बघ, अस्वलाचा स्प्रे पट्ट्यावर असू दे, पिशवीत नाही. कातडं टाकू नकोस. या लोकरीच्या जोरावर किनाऱ्यावरच्या ट्लिंगिट बायकांनी चिल्काट शाली विणल्या, आजही विणतात. आपण निदान ते नीट मीठ लावून खाली आणावं. शिंगं तपासणीला न्यावीच लागतात. तपासणारा त्यावरच्या वार्षिक कड्या मोजून वय सांगतो, तो काय बघतो ते विचारून घे, पुढच्या वेळी स्कोपमधून उपयोगी पडेल.

उतरताना चढलेल्याच वाटेने उतर. मधेच एखादी घळ जवळची वाटली तरी खालून पाहिलेली नसेल तर तिच्यात शिरू नकोस. ओझ्यात जड मांस पाठीच्या वरच्या भागात, खांद्यांजवळ बांध, नाहीतर उतारावर ते तुला मागे खेचतं. रायफल पूर्ण रिकामी करून पिशवीच्या बाजूला उभी बांध, तोंड वर, पण डोक्याच्या वर येऊ देऊ नकोस. नाहीतर खाली झुडपांचा पट्टा लागला की ती प्रत्येक फांदीत अडकते.